दगडावर आकडा, यादीत नाव

मुलांनो, तुमच्या खापरपणजोबांचं नाव काय? थांबा, आईकडे पाहू नका!

आमच्या चौथीच्या वर्गात मी हे विचारलं, तेव्हा तीनच हात वर झाले. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा हळूच म्हणाला, "बाई, आमचे खापरपणजोबा बसऱ्याच्या लढाईला गेले, ते परत आलेच नाहीत."

बसरा हे आजच्या इराकमधलं शहर. पहिल्या महायुद्धात (१९१४ ते १९१८) आपल्या मराठा पलटणीसुद्धा त्या मुलखात लढल्या. तिथे मेलेल्या, पण कबर किंवा दहनाची जागाही ठाऊक नसलेल्या ४० हजारांहून जास्त सैनिकांसाठी बसऱ्याला स्मारक उभं राहिलं. त्यावर गोऱ्या सैनिकांची नावं कोरली. आपल्या साध्या शिपायांचा मात्र पलटणीपुढे नुसता आकडा! या भेदभावाबद्दल 'कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन' या संस्थेने २०२१ साली माफी मागितली.

मग नावं हरवली का? सगळी नाही. पुष्कळ नावं कागदी यादीत होती. १९१७ साली स्थापन झालेल्या याच संस्थेच्या संकेतस्थळावर आता ती फुकट शोधता येतात. दोन्ही महायुद्धांतल्या सुमारे १७ लाख जणांच्या नोंदी तिथे आहेत. नाव, हुद्दा, पलटण, मृत्यूची तारीख आणि काही नोंदींत वडिलांचं नाव, गाव, जिल्हासुद्धा!

शोधायचं कसं? आधी संगणक नको, आधी आजी! तिला माहीत असेल ते सगळं वहीत लिहून घ्या. मग आई-बाबांना शेजारी बसवून शोधा. नावाचं इंग्रजी स्पेलिंग चार-पाच तऱ्हांनी घालून बघा, कारण लिहिणाऱ्याने कानाला लागलं तसं लिहिलंय. कित्येकदा आडनावच नसतं. आणि नाव सापडलं म्हणून लगेच उड्या मारू नका. एका नावाची माणसं पुष्कळ! वडिलांचं नाव आणि गाव जुळलं, तरच ते आपले.

पुण्याजवळ खडकीला याच संस्थेची दफनभूमी आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ सैनिकांच्या कबरी तिथे आहेत. दगडावर पलटणीचं चिन्ह, हुद्दा, नाव, तारीख आणि कुठे कुठे घरच्यांनी निवडलेली एखादी ओळ. इंग्लंडमधली एखादी पणती घरबसल्या खडकीची नोंद शोधते, तशीच आपण बसऱ्याची शोधायची.

आमच्या त्या मुलाचं काय झालं? एका नोंदीत गाव जुळलं, पण वडिलांचं नाव जुळेना. तो अजून शोधतोय. पण या निमित्ताने आजीने त्याला कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. तिच्या आजेसासूबाई म्हणे म्हातारपणीसुद्धा पोस्टमन दिसला की दारात येऊन उभ्या राहायच्या.

ही गोष्ट कुठल्याच यादीत नाही, मुलांनो. ती आता त्याच्या वहीत आहे. तुमच्या वहीत काय लिहिणार? आजच आजीला विचारा!