झाकून ठेवलेलं मशीन आणि चालू हप्ता

मैत्रिणींनो, आपला गट पंचसूत्रीवर तपासतात, तशी कंपनीही पाच गोष्टींवर तपासता येते. अमेरिकेतले प्राध्यापक एडवर्ड ऑल्टमन यांनी १९६८ साली पाच गुणोत्तरं जोडून एक आकडा काढला: शंभर रुपयांच्या मालमत्तेमागे विक्री किती, नफा किती, कर्जाच्या मानाने स्वतःचं भांडवल किती, असं. १.८१ च्या खाली धोका, २.९९ च्या वर काळजी नाही.

१९७५ मध्ये तिथली जीटीआय कंपनी अशीच खाली घसरली होती. नवे प्रमुख लाफ्लर यांनी पडून असलेली मालमत्ता विकली आणि कर्ज फेडलं. मालमत्ता कमी, पण विक्री तेवढीच. शिवाय कर्जही उतरलं. एका कामात दोन गुणोत्तरं सुधारली! कंपनी सावरली.

तुमच्या गटाचं शेवयांचं मशीन वर्षभर झाकलेलंच असेल आणि हप्ता मात्र चालू असेल, तर येत्या बैठकीत तेवढा विषय काढाच.