घरचे तळे आणि परगावचे पाणी

इंग्लंडातील रेडिओ-नौकांच्या, म्हणजे काठावरून रेडिओने चालवावयाच्या छोट्या शिडाच्या नौकांच्या, शर्यतींचा आढावा घ्यावयास बसलो, की हंगामाच्या वेळापत्रकाची जाडी पाहून प्रथम समाधान वाटते, आणि मग निकालांच्या याद्या वाचू लागलो, की ते समाधान ओळीगणिक विरत जाते. कारण वेळापत्रकात खुल्या शर्यतींची वानवा नसली, तरी याद्यांतील नावे बहुधा तीच ती, तळे बदलून पुन्हा भेटणारी असतात. क्लबाच्या तळ्यावर दर रविवारी नेमाने येणारा, वारा अचूक ओळखणारा, आपल्या नौकेच्या दोरीदोरीशी सख्य असलेला जो खेळाडू, तो या याद्यांत नसतो. तो का नसतो, या प्रश्नाने मला पुष्कळ हंगाम छळले आहे. आणि त्याचे माझे उत्तर क्रीडाक्षेत्रातील धुरीणांना रुचत नाही, याची मला पूर्ण जाणीव आहे. त्याला कौशल्य कमी पडते असे नाही, पैसा कमी पडतो असेही नाही. त्याला बरोबर घेऊन जाणारे कोणी नसते, एवढीच गोष्ट आहे.

हे म्हणणे पटण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. नौकेत रेडिओ नव्हता त्या काळी, वाऱ्याच्या दिशेप्रमाणे फिरणाऱ्या आणि आपल्याबरोबर सुकाणूही फिरविणाऱ्या एका पात्याच्या भरवशावर नौका तळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाई, आणि मध्येच काठाशी आली, की हातातील लांब काठीने तिला वळवून पुन्हा पाण्यात लोटावे लागे. ती कोणत्या काठाला लागेल याचा नेम नसल्याने हे काम एकट्याच्या आवाक्यातले नव्हते. म्हणून प्रत्येक कप्तानाबरोबर पलीकडच्या काठाने धावणारा एक सोबती असावा, असा शिरस्ताच पडून गेला होता. शर्यत दोन-दोन नौकांची. प्रत्येकाची गाठ प्रत्येकाशी. वाऱ्याविरुद्धची फेरी जिंकणाऱ्यास ३ गुण आणि वाऱ्याबरोबरची जिंकणाऱ्यास २. लंडनच्या केन्सिंग्टन उद्यानातील राउंड पाँड, गोस्पोर्ट आणि फ्लीटवुड येथे केवळ या खेळासाठी बांधलेली लांबच लांब तळी, मंदीच्या काळात बेकार मजुरांच्या हातून खोदवून घेतलेले बोर्नव्हिलचे तळे, या ठिकाणी ही जोडीजोडीची धावपळ चाले. देवगडच्या खाडीत गलबतांची शिडे पाहत वाढलेला मी, या देशात आल्यावर प्रथम काठावर उभा राहिलो तो त्या परंपरेतल्या म्हाताऱ्यांच्या शेजारी, आणि माझ्या हाती प्रथम आली तीही कोणा दुसऱ्याच्या नौकेला वळविण्याची काठी. परगावची शर्यत आली, की कप्तान निघे आणि त्याच्याबरोबर मीही निघे. खुल्या शर्यतीचे पाणी मी स्वतःची नौका होण्यापूर्वीच पाहिले होते. ते पाहावे काय, हा प्रश्न मला कोणी विचारलाच नव्हता.

रेडिओ आला आणि सोबती गेला. काठावर उभे राहून दोन बोटांनी शीड आणि सुकाणू हलविता येऊ लागल्यावर पलीकडच्या काठाला माणूस हवा कशाला? खेळ सोपा झाला, देखणा झाला, शर्यत दोहोंऐवजी वीस नौकांची झाली; या लाभांविषयी माझी तक्रार नाही. परंतु परगावी जाण्याची सवय ज्या एका नात्यातून आपोआप लागत असे, ते नाते त्या बोटांखाली केव्हा चिरडले गेले, हे कोणाच्या ध्यानातही आले नाही.

आरंभीच्या रेडिओयुगाविषयी फार लिहीत नाही. २७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात तपकिरी, तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा आणि निळा असे रंगांनी ओळखले जाणारे मार्ग, काठावरच्या फळीला लावावयाचे चिमटे, आणि आपल्याच मार्गावर दुसऱ्या कोणी यंत्र सुरू केले की वेड्यासारखी भिरभिरणारी नौका, हे सारे जुन्या वाचकांस ठाऊक आहे. त्या काळी असे ठासून सांगितले जाई, की मार्ग मोजके म्हणून प्रवेश मोजके. हा अडसर निघाला, की खुल्या शर्यतींना लोटच्या लोट येतील. २.४ गिगाहर्ट्झची यंत्रे आली आणि अडसर समूळ निघाला. फळी गेली, चिमटे गेले, मार्ग ठरविणाऱ्या स्फटिकांच्या डब्या अडगळीत पडल्या. लोट मात्र आले नाहीत. यंत्रातील अडचण दूर केल्याने माणसातील संकोच दूर होत नाही, याचा याहून स्वच्छ दाखला मला तरी ठाऊक नाही.

नौकांच्या वर्गांपैकी मार्बलहेड, टेन रेटर आणि ए क्लास यांस मी दुरूनच नमस्कार करून पुढे जातो. मार्बलहेडचा जन्म १९३० च्या सुमारास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समधला, लांबी ५० इंच. ए क्लासची नौका दिसावयास राजबिंडी, पण उचलून पाण्यात सोडताना कमरेचा सल्ला घ्यावा लागतो. या वर्गांचे भक्त थोर आहेत, त्यांच्या कारागिरीपुढे मी नम्र आहे. तथापि क्लबातील सामान्य खेळाडूला परगावी नेण्याचे सामर्थ्य या नौकांत नाही.

ते सामर्थ्य आहे ते ‘वन मीटर’ नौकेत, आणि येथे मला वाचकांनी थोडी मोकळीक द्यावी. १९८८ मध्ये या वर्गाचे नियम मुक्रर झाले, तेव्हा ते रचणाऱ्यांनी एक दूरदृष्टीची गोष्ट केली: कल्पकतेला वाव ठेवला आणि पैशाच्या उधळपट्टीला लगाम घातला. नौकेची लांबी १००० मिलिमीटरच्या आत, वजन किमान ४ किलो, पाण्यातली खोली फार तर ४२० मिलिमीटर. डोलकाठी अॅल्युमिनियमची किंवा लाकडाची, कार्बनची कदापि नाही. शिडांचे संच तीन, आणि त्यांची मापे सर्वांना सारखीच: मंद वाऱ्यासाठी सुमारे १६०० मिलिमीटर उंचीच्या मुख्य शिडाचा पहिला, वारा वाढला की ११८० चा दुसरा, आणि वादळी दिवसासाठी ८८० चा इवलासा तिसरा. म्हणजे निवृत्त सुताराने आपल्या गॅरेजमध्ये लाकडी पट्ट्या जोडून बांधलेली नौका आणि नामांकित कारखान्यातून साच्यातून निघालेली नौका एकाच रेषेवर उभ्या राहतात, व त्यांतील अंतर पुष्कळदा नौकांचे नसून चालविणाऱ्यांचे असते. १९९४ मध्ये मार्सेयला या वर्गाची पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि ती इंग्लंडच्या ग्रॅहम बॅन्टॉक यांनी जिंकली. २०११ मध्ये तीच स्पर्धा वेस्ट कर्बीच्या खाऱ्या तळ्यावर आली. या दोन घटनांचा उल्लेख मी अभिमानासाठी करीत नाही. जगज्जेता ज्या मापाच्या नौकेने जिंकतो, त्याच मापाची नौका आपल्या क्लबातील गृहस्थाच्या गाडीत मागच्या बाजूस आडवी पडलेली आहे, आणि त्याला ते कोणी सांगत नाही, एवढेच माझे दुःख आहे.

आता ज्या पद्धतीचा मी कित्येक वर्षे प्रचारक आहे, त्या हीट-पद्धतीकडे येतो. खुल्या शर्यतीचे नाव काढले, की क्लबातील माणूस म्हणतो, “त्या दिग्गजांत मी शेवटचा येणार, दिवसभर त्यांच्या पाठी पाहण्यास इतक्या लांब कशाला जाऊ?” या आक्षेपाचे उत्तर पद्धतीतच दिलेले आहे, हे त्याला माहीत नसते. नौका जास्त झाल्या, की त्यांच्या हीट पाडतात. पहिल्या फेरीनंतर सर्वांत खालच्या हीटपासून शर्यतीस आरंभ होतो, तीत पहिले आलेले चारजण, कोठे सहाजण, लगेच वरच्या हीटमध्ये त्याच शर्यतीत पुन्हा उतरतात, आणि वरच्या हीटमधील शेवटचे तितकेच पुढच्या शर्यतीसाठी खाली येतात. परिणाम असा, की दोन-चार शर्यती होताहोता प्रत्येकजण आपल्या तोलाच्या सोबत्यांत येऊन स्थिरावतो. खालच्या हीटमध्ये चौथ्या आणि पाचव्या स्थानासाठी अखेरच्या बोयावर जी झुंज लागते, तिच्यातील थरार वरच्या हीटच्या पहिल्या क्रमांकाला पुष्कळदा नसतो. कारण पाचव्याला थांबावे लागते, आणि चौथा, छातीतील धडधड शमण्यापूर्वी, दिग्गजांच्या शेजारी रेषेवर जाऊन उभा राहतो. तालमीत रोज त्याच चार जोडीदारांशी झटणाऱ्या पोराला जत्रेच्या फडात तोलाची जोड लावून देणारा जाणता वस्ताद जे करतो, ते येथे कागदावरची पद्धत करते. आणखी एक लाभ आहे, ज्याकडे कोणीच लक्ष देत नाही. ज्यांची हीट चालू नसते, त्यांच्यावर निरीक्षकाचे काम येते: नौकांची आपसांत वा बोयाशी टक्कर झाली, की मोठ्याने तिचा पुकारा करावयाचा. उत्तम खेळाडूच्या खांद्याशी उभे राहून त्याची नौका बोयाभोवती कशी वळते हे सक्तीने पाहावयास लावणारी याहून चांगली शाळा नाही, आणि तिला फी नाही.

उरते ते नियमांचे भय. ते खोटे नाही. क्लबाच्या तळ्यावर टक्कर झाली, की एकजण ‘सॉरी’ म्हणतो, दुसरा हसतो, आणि मामला मिटतो. खुल्या शर्यतीत नियमपुस्तकाचे ‘ई’ परिशिष्ट जागे असते: बोयाभोवतीचे क्षेत्र नौकेच्या चार लांबींचे, चूक झाल्यास त्वरित बाजूला होऊन एक पूर्ण गिरकी, आणि हरकत घ्यावयाची तर आपला शीड-क्रमांक, ‘प्रोटेस्ट’ हा शब्द आणि समोरच्याचा क्रमांक खड्या आवाजात पुकारावयाचा. सभ्य, संकोची माणसाला हा पुकारा स्वतःच्या नावाने प्रथम ऐकू येतो, तेव्हा आपल्यावर फौजदारी खटला भरल्यासारखे वाटते. वास्तविक गिरकी घेतली, की फैसला झाला. संध्याकाळी तोच फिर्यादी आपल्याला चहा आणून देतो. पण हे कळण्यासाठी शेजारी उभे राहून “घ्या एक गिरकी, आणि चला पुढे” असे पुटपुटणारा ओळखीचा माणूस हवा. शर्यत चालू असताना चालविणाऱ्याला बाहेरून मसलत देण्यास नियमांची बंदी आहे, हे खरे. म्हणून ही समजूत शर्यतीपूर्वी, गाडीत, वाटेवर घालावी लागते. गाडीत दोघेजण असल्याशिवाय ती घालता येत नाही.

येथेच माझा इतर पंडितांशी मतभेद होतो. एक पक्ष म्हणतो, की साडेसहाशे मिलिमीटरची तयार प्लॅस्टिकची स्वस्त नौका घ्या, खोके उघडा आणि पाण्यात सोडा. हाच उद्धाराचा मार्ग. या नौकांनी ओस पडत चाललेली कित्येक तळी पुन्हा भरली, हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो. पण तळे भरणे आणि तळ्याबाहेर पडणे या दोन भिन्न बाबी आहेत. स्वस्त नौका घेतलेला माणूसही घरच्याच काठावर रमलेला मी पाहतो. दुसरा पक्ष प्रशिक्षण-शिबिरांचा भोक्ता आहे: फळ्यावर बाण काढावयाचे, वाऱ्याचे कोन समजावून सांगावयाचे, आणि घरी पाठवावयाचे. शिबिरातून माणसे हुशार होऊन परततात आणि पुढच्या रविवारी आपल्याच तळ्यावर जिंकू लागतात. त्यामुळे बाहेर जाण्याची गरज त्यांना आणखीच कमी वाटते. तिसरा पक्ष नवागतांसाठी वेगळी बक्षिसे ठेवतो. बक्षीस आलेल्याला मिळते. न आलेल्याला आणण्याचे बळ त्यात नाही. या तिन्ही उपायांवर श्रम खर्ची पडतात, त्यांची वृत्ते छापून येतात, आणि दोन खुर्च्या रिकाम्या ठेवून एकट्याने गाडी हाकीत विभागीय शर्यतीला जाणारा अनुभवी खेळाडू मात्र कोणाच्याच टीकेचा विषय होत नाही. तोच खरा दोषी आहे, असे माझे मत आहे.

एका क्लबाच्या वार्षिक सभेत मी हे बोललो, तेव्हा एका पदाधिकाऱ्याने मला सुनावले, की क्लब हा क्लबाच्या सभासदांसाठी असतो. बाहेरच्या शर्यतींचे स्तोम माजवाल, तर रविवारची हजेरी घटेल. आज त्या तळ्यावर रविवारची हजेरी काय आहे, हे मी येथे लिहीत नाही. पाणवनस्पतींनी सुकाणू धरून ठेवावे, गाळ साचल्यामुळे ४२० मिलिमीटर खोलीची नौका मध्येच अडावी, नगरपालिकेने विचारणेला उत्तर देऊ नये, आणि सभासदांच्या यादीत नवीन नावांपेक्षा शोकप्रस्ताव अधिक असावेत, हे चित्र एकाच ठिकाणचे नाही. ज्या क्लबाची माणसे बाहेर जातात, त्याच्याकडे बाहेरची माणसे येतात. पाहुणे यावयाचे म्हटले की तळे साफ होते, नगरपालिकेच्या दाराशी दोन हेलपाटे अधिक घातले जातात, शेजारची मुले कठड्याशी येऊन उभी राहतात. दार लावून बसलेल्या घरात जाळी धरतात, आणि त्याचे खापर काळावर फुटते.

उपाय खर्चाचे नाहीत. क्लबाच्या चिटणीसाने साऱ्या वेळापत्रकाचा धाक न घालता तासाभराच्या अंतरावरची एकच शर्यत निवडावी. नौकेचे प्रमाणपत्र आणि शिडांची मोजणी ही कागदपत्रांची बाब हिवाळ्यातच उरकून घ्यावी. शर्यतीच्या आदल्या रात्री ती आठवली, की संकोची माणसाला घरी राहण्यास सबळ कारण मिळते. तिसऱ्या संचाची शिडे क्लबाने विकत घेऊन उसनी द्यावी, कारण ती नाहीत म्हणून वादळी दिवसाच्या भयाने नाव न घालणारे पुष्कळ आहेत. दोघांच्या शीड-क्रमांकाचे अखेरचे दोन अंक जुळले, तर एकाने पुढे १ चा अंक चिकटवावयाचा असतो. तेवढी पट्टी अनुभवी सोबत्याने खिशात ठेवावी, म्हणजे नवख्याला भल्या सकाळी अनोळखी मेजाशी जाऊन गयावया करावी लागत नाही. बाबी क्षुल्लक आहेत; पण माणसे क्षुल्लक बाबींनीच अडतात, आणि त्या क्षुल्लक आहेत असे त्यांना दुरून सांगून भागत नाही.

पुढच्या हंगामाचे वेळापत्रक हाती पडेल, तेव्हा प्रत्येक जुन्या खेळाडूने स्वतःचा प्रवेश-अर्ज भरण्यापूर्वी आपल्या तळ्यावरील एका तरी माणसाचा अर्ज त्याच्या शेजारी बसून भरून घ्यावा, आणि त्या दिवशी सकाळी त्याच्या दाराशी गाडी उभी करावी. एवढे ज्याच्याकडून होत नाही, त्याने चषक खुशाल जिंकावेत. खेळाला उतरती कळा लागल्याची तक्रार मात्र त्याने माझ्यापाशी आणू नये.