संघाचा रंग कोणाच्या मालकीचा?

मैदानावर उतरणाऱ्या संघाच्या अंगावर एकाच रंगाचे सदरे असावेत, ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यामागे काही इतिहास असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. अर्थशास्त्राचा तर संशयही येत नाही. खेळाच्या पानावर चर्चा होते ती गोलांची, गुणांची आणि पंचांच्या निर्णयांची. गणवेश हा शिंप्याचा विषय मानला जातो. वस्तुतः गेल्या दीडशे वर्षांत फुटबॉलसारख्या व्यावसायिक खेळाचे अर्थकारण जसजसे पालटत गेले, तसतसा खेळाडूच्या छातीवरचा मजकूरही पालटत गेला. तो मजकूर नीट वाचला, तर खेळाडूला पोसतो कोण, त्याच्या जिवावर मिरवतो कोण आणि टाळ्या वाजवणाऱ्याच्या पदरात काय पडते, या तीनही प्रश्नांची उत्तरे मिळतात. आज हे प्रश्न महाड-पोलादपूरच्या कबड्डीच्या मैदानापर्यंत येऊन पोचले आहेत. म्हणून त्यांचा विचार करणे अगत्याचे आहे.

ओळख पटावी म्हणून

गणवेशाचा जन्म सौंदर्यदृष्टीतून नव्हे, निव्वळ सोयीतून झाला. १८६३ साली इंग्लंडमध्ये फुटबॉलचे नियम लिहून काढण्यात आले. त्या काळात अंगात कोणताही सदरा असला तरी चाले. डोक्यावरची टोपी किंवा कमरेचा पट्टा यांच्या रंगावरून आपला कोण आणि परका कोण, हे ओळखले जाई. सामने वाढले, प्रेक्षक पैसे मोजून येऊ लागले, तेव्हा सबंध सदराच एका रंगाचा असणे सोयीचे ठरले. पुढच्या सुधारणाही अशाच गरजेपोटी आल्या. गोलरक्षकाने वेगळ्या रंगाचा सदरा घालावा, हा दंडक तेथे १९०९ साली आला. पाठीवर आकडे लावून खेळण्याचा प्रयोग आर्सेनल आणि चेल्सी या लंडनच्या संघांनी १९२८ साली केला. इंग्लिश लीगने तो सक्तीचा केला तो १९३९ साली.

रंग ही चैन नसून निकड आहे, याचा गमतीदार पुरावा १९७८ च्या अर्जेंटिनातील विश्वचषक स्पर्धेत मिळाला. फ्रान्स आणि हंगेरी हे दोन्ही संघ पांढरेच सदरे घेऊन मार देल प्लाता येथील मैदानावर हजर झाले. शेवटी त्या शहरातील किंबर्ले नावाच्या क्लबाचे हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचे सदरे धावतपळत आणवले गेले. फ्रान्सने ते घातले आणि सामना ३-१ असा जिंकलाही. एका राष्ट्राची अब्रू त्या दिवशी एका गावच्या क्लबाच्या कपाटाने राखली.

रंगाची पत

परंतु रंगाला अर्थ प्राप्त झाला तो नियमांमुळे नव्हे. इटलीतील युव्हेंटस हा संघ आरंभी गुलाबी सदरे घालीत असे. १९०३ साली त्याने इंग्लंडच्या नॉट्स काउंटी संघाच्या धर्तीचे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे सदरे मागवले आणि तेच त्याचे कुळचिन्ह होऊन बसले. कलकत्त्याचा ईस्ट बंगाल हा संघ १९२० साली स्थापन झाला. त्याचा लाल-सोनेरी रंग चौरंगीवरील व्हाइटअवे लेडलॉ या विलायती दुकानात टांगलेला सदरा पाहून ठरला, असे सांगतात. म्हणजे ज्या रंगासाठी पुढे पिढ्यान्‌पिढ्या लोक एकमेकांशी भांडले, तो आला दुकानाच्या काचेआडून. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून घरदार सोडून आलेल्या निर्वासितांना मात्र त्या रंगात आपले हरवलेले गाव दिसू लागले. मोहन बागानच्या अनवाणी खेळाडूंनी २९ जुलै १९११ रोजी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्या संघाला २-१ असे हरवून शील्ड जिंकली, तेव्हा हिरव्या-तांबड्या रंगाला जी किंमत आली ती कापडाच्या गजावर मोजता येणारी नव्हती.

ब्राझीलचे उदाहरण याच्या अगदी उलट वाटेने त्याच ठिकाणी पोचते. १९५० च्या विश्वचषकात घरच्या मैदानावर उरुग्वेकडून हार पत्करावी लागली, तेव्हा ब्राझीलचे सदरे पांढरे होते. त्या रंगाशी अपशकुन जोडला गेला. १९५३ साली एका दैनिकाने नव्या गणवेशासाठी स्पर्धा घेतली. अट अशी की ध्वजातील चारही रंग त्यात आले पाहिजेत. आल्दिर श्ली नावाच्या एकोणीस वर्षांच्या तरुणाची रंगसंगती निवडली गेली आणि आज जगाला ठाऊक असलेला पिवळा सदरा जन्माला आला.

येथे आमच्या नाते गावाची आठवण होणे अपरिहार्य आहे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचा जन्म याच गावचा. त्यांच्या सहीच्या नोटा देशभर चालल्या. नोटेचा कागद दोन पैशांचा. तिची किंमत सगळ्यांच्या विश्वासात. संघाच्या रंगाचेही नेमके तसेच आहे. रंगाची पत रंगाऱ्याने निर्माण केलेली नसते आणि मालकानेही नाही; ती वर्षानुवर्षे उन्हात उभे राहून ओरडणाऱ्या माणसांनी निर्माण केलेली असते. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा किंवा बालगोपाल या तालीम मंडळांचे सामने ज्यांनी पाहिले असतील, त्यांना हे वेगळे सांगायला नको. तेथे माणूस खेळाडूचा पाठीराखा असण्याआधी पेठेचा असतो, आणि सदऱ्याचा रंग म्हणजे पेठेचीच सही.

छातीवरची नोकरी

गणवेशाच्या इतिहासातील दुसरा अध्याय मुंबईत लिहिला गेला. कूपरेजच्या मैदानावर १८९१ पासून चाललेल्या रोव्हर्स चषकात आधी लष्कराच्या पलटणी खेळल्या, मग कलकत्ता-हैदराबादचे संघ आले आणि त्यांच्या बरोबरीने मुंबईत उद्योगांचे संघ उभे राहिले. टाटा, मफतलाल, ऑर्के, महिंद्र, एअर इंडिया ही नावे खेळाडूच्या छातीवर आली. आजच्या डोळ्यांना ती जाहिरात वाटेल. तशी ती होतीही. पण तेवढीच नव्हती. त्या अक्षरांचा खरा अर्थ ‘हा आमचा नोकर आहे’ असा होता. महिन्याच्या अखेरीस पगार, भविष्यनिर्वाह निधी, गुडघा कायमचा दुखावला तरी कचेरीत एक खुर्ची, हे सारे त्या अक्षरांत गृहीत असे.

कबड्डीत तर हे अधिकच स्पष्ट दिसते. महाराष्ट्रातील स्पर्धांत ‘व्यावसायिक गट’ हा शब्द रूढ झाला तो कंपन्या, बँका, रेल्वे, पोलीस यांच्या संघांसाठी. व्यावसायिक खेळाडू म्हणजे खेळावर बोली लागलेला माणूस नव्हे, तर खेळामुळे नोकरी मिळालेला माणूस. ज्या महाड-पोलादपूरच्या खोऱ्यातून घरटी एक माणूस मुंबईला गेला, तेथे कबड्डी हा मनोरंजनाइतकाच उपजीविकेचा मार्ग होता. चांगली चढाई करणाऱ्या मुलाकडे गाव कौतुकाने पाही, त्यात अर्धे कौतुक खेळाचे आणि अर्धे त्याच्या संभाव्य नोकरीचे असे.

हा अध्याय हळूहळू मिटत गेला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्यांचा आधार सुटला. नोकरभरती आखडली, कायम नोकऱ्यांच्या जागी कंत्राटे आली. फुटबॉलमध्ये २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्र युनायटेड हा संघही २०१० साली बंद करण्यात आला.

जाहिरातीचा फळा

तोवर युरोपात तिसरा अध्याय सुरू झाला होता. १९७३ साली जर्मनीतील ब्राउनश्वाइग संघाने छातीवर एका मद्याच्या बाटलीवरचे हरणाचे चिन्ह घेतले. जाहिरातीस बंदी होती. म्हणून क्लबाने आपले बोधचिन्हच बदलून हरीण स्वीकारले! १९७६ च्या जानेवारीत इंग्लंडमधील केटरिंग या छोट्या संघाने एका टायर कंपनीचे नाव लावले, तेव्हा संघटनेने ते काढायला लावले. पण पुढच्याच वर्षी परवानगी द्यावी लागली. १९७९ मध्ये लिव्हरपूलच्या छातीवर एका जपानी कंपनीचे नाव झळकले आणि वाद संपला. आपल्याकडे १९९८ साली एकाच मद्यउद्योगसमूहाने मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या दोन्ही कट्टर प्रतिस्पर्ध्यांत भागीदारी घेऊन दोघांच्याही नावाआधी आपल्या मालाची नावे लावली.

या बदलाला कापडशास्त्राचीही साथ मिळाली. सुती किंवा लोकरी सदऱ्याला रंग द्यायचा तर कापड रंगवावे लागे, पट्टे हवेत तर विणावे किंवा जोडावे लागत. म्हणून रंगसंगती साधी असे आणि एकदा केलेला सदरा वर्षानुवर्षे चाले. पॉलिएस्टर आले आणि उष्णतेने रंगाची वाफ करून ती धाग्यात मुरवण्याची छपाई आली. आता संगणकावर काढलेले कोणतेही चित्र, कितीही रंगांत, अगदी पंधरा सदऱ्यांसाठीसुद्धा छापता येते. जे बदलणे महाग होते ते स्वस्त झाले; आणि जे बदलणे स्वस्त होते ते वरचेवर बदलू लागते, हा बाजाराचा नियमच आहे. युरोपातील मोठे क्लब दरवर्षी नवा सदरा काढतात, कारण तो मैदानावर जितका घातला जातो त्याहून कितीतरी अधिक दुकानात विकला जातो.

येथे मालकीचा प्रश्न उभा राहतो. ऑस्ट्रियातील साल्झबर्गचा संघ २००५ साली एका पेयकंपनीने घेतला आणि जांभळा रंग टाकून लाल-पांढरा आणला. जुन्या पाठीराख्यांनी वेगळा क्लब काढून अगदी खालच्या पायरीपासून जांभळ्या रंगात पुन्हा सुरुवात केली. वेल्समधील कार्डिफ सिटी हा शंभर वर्षांहून अधिक काळ निळा असलेला संघ २०१२ साली मलेशियन मालकाने लाल केला. लाल सदऱ्यात संघ वरच्या श्रेणीत गेला, तरी लोकांचा विरोध मावळला नाही. २०१५ च्या जानेवारीत निळा रंग परत आला. कलकत्त्यात २०२० साली मोहन बागानचे एटीके या संघाशी विलीनीकरण झाले. हिरवा-तांबडा रंग कायम ठेवला गेला, पण आधी जोडलेल्या तीन अक्षरांवरून समर्थकांनी रान उठवले आणि २०२३ मध्ये ती अक्षरे गेली. कायद्याने रंग मालकाचा. पण त्याची पत ज्यांनी घडवली त्यांनी पाठ फिरवली तर मालकाच्या हाती उरते ते नुसते कापड.

आपल्या अंगणात

२०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि ही सारी व्यवस्था एका दमात आपल्या मातीतील खेळात आली. खेळाडूंचा लिलाव, कंपनीच्या मालकीचे संघ, नेमून दिलेले रंग. यू मुंबाचा नारिंगी सदरा आज कोकणातील कोणत्याही वाडीतील पोराच्या अंगावर दिसतो. खेळाला प्रतिष्ठा आली, मूठभर खेळाडूंना चांगला पैसा मिळाला. याबद्दल आनंदच मानला पाहिजे. पण गावच्या संघाचे काय? पूर्वी ग्रामदेवतेच्या नावाचा संघ वर्गणीतून शिवलेल्या बनियनवर उतरे, आणि मुंबईकर मंडळी सुट्टीला येताना नवे सदरे घेऊन येत. आता दर स्पर्धेला नवा सदरा, नवा रंग. छातीवर ठळक अक्षरांत जमिनीच्या व्यापाऱ्याचे किंवा निवडणुकीच्या इच्छुकाचे नाव, खांद्यावर त्याचे छायाचित्र, आणि गावाचे नाव कोठे तरी कोपऱ्यात.

देणगीदारांना नावे ठेवण्याचे कारण नाही. त्यांच्यावाचून मॅट, दिवे आणि प्रवासखर्च जमणार नाही. आक्षेप आहे तो व्यवहाराच्या स्वरूपाला. गिरणीने छाती घेतली तेव्हा पगार दिला. आजचा देणगीदार छाती घेतो आणि सदरा देतो. त्या सदऱ्याची छायाचित्रे वर्षभर हजारो मोबाईलवर फिरतात. इतकी मोक्याची जागा इतक्या स्वस्तात देणारा विक्रेता दुसऱ्या कोणत्याही बाजारात सापडणार नाही.

यावर उपाय अवघड नाहीत. प्रत्येक ग्रामस्थ मंडळाने आपल्या संघाचे दोन रंग ठरवून ते इतिवृत्तात नोंदवावेत आणि सभेच्या ठरावावाचून ते बदलू नयेत. तालुक्याच्या स्पर्धांत प्रवेशअर्जावर रंगांची नोंद मागावी. आकडा कोठे आणि केवढा असावा हे नियम सांगतात. तसेच छातीवर गावाचे नाव आणि देणगीदाराचे पाठीवर किंवा बाहीवर, असा संकेत आयोजकांनी घालून द्यावा. आणि देणगीदाराशी बोलणी करताना केवळ सदरे मागू नयेत. खेळाडूंचा अपघातविमा मागावा, दुखापतीच्या उपचाराचा खर्च मागावा, एखाद्या होतकरू मुलाच्या शिक्षणाचा भार मागावा. सदरा एका पावसाळ्यात विटतो. मोडलेला गुडघा जन्मभर पुरतो.

संघाचा रंग ही गावाची सामाईक ठेव आहे, जशी गावाची विहीर किंवा देवराई. सामाईक ठेवीची व्यवस्था ठरलेली नसली की ती अलगद कोणाच्या तरी खाजगी उपयोगात जाते, हा अर्थशास्त्रातला जुना धडा आहे. यंदाचा हंगाम सुरू होण्यापूर्वी मंडळांनी निदान तेवढी एक नोंद आपल्या वहीत करून ठेवावी.