तेलाच्या डागाचे मूळ

भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद ह्यांच्या हस्ते सुरू झाली. त्याच्या थोडेसे आधी कलकत्त्याजवळील उत्तरपाडा येथे हिंदुस्तान मोटर्सच्या कारखान्यातून अँबॅसडर गाडी बाहेर पडू लागली होती. भट्ट्या आजही पेटलेल्या आहेत. गाडीचे उत्पादन मात्र २०१४ मध्ये थांबले. तरीही भिलाईच्या सेक्टरांत किंवा नेहरूनगरात एखाद्या निवृत्त गृहस्थाने जिवापाड जपलेली अँबॅसडर, नाहीतर कुर्ल्याला बनलेली प्रीमियर पद्मिनी, अंगणात उभी दिसते; आणि तिच्याखाली फरशीवर बहुधा एक काळा डाग असतो.

ह्या डागाविषयी दोन मते प्रचलित आहेत. एक मालकाचे: जुनी गाडी म्हटली की तेल गळायचेच. दुसरे घाईच्या मिस्त्रीचे: मागचे सील गेले, इंजिन उतरवावे लागेल. पहिल्या मताने इंजिन जाते, दुसऱ्याने पैसा. अशा इंजिनात तेल असते सुमारे चार लिटर. थेंबाथेंबाने ते कमी होत गेले की एका वळणावर पंप तेलाऐवजी हवा ओढतो आणि बेअरिंगे क्षणार्धात करपतात. तेल तापलेल्या सायलेन्सरच्या नळीवर ठिबकत असेल, तर आगीचेही भय असते. म्हणून डागाचे मूळ शोधणे भागच आहे. आणि ते डागाच्या वर नसते, ही ह्या शोधातली पहिली अडचण होय.

तेल खाली वाहते हे सर्वांस ठाऊक असते. गाडी धावताना ते मागेही वाहते, हे सहसा ध्यानात येत नाही. पंख्याचा आणि रस्त्याचा वारा त्याला इंजिनाच्या अंगावरून मागे लोटतो. हेडवरच्या झाकणाचे बुचाचे पॅकिंग मागच्या कोपऱ्यात सुकले, तर तेथून निघालेली धार इंजिनाच्या पाठीवरून उतरते, गियरबॉक्सच्या सांध्याशी जमते आणि तेथून ठिबकते. खाली वाकून पाहणाऱ्यास क्रँकचे मागचे सील गेल्यासारखेच दिसते. थोड्या पैशांच्या पॅकिंगसाठी इंजिन उतरविले जाते ते असे. मूळ शोधावयाचे तर भिजलेल्या भागातील सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची जागा पाहिली पाहिजे.

पण वर्षानुवर्षांचा चिखल आणि तेल मिळून जेथे एक जाड पुट बसले आहे, तेथे वरची जागा कोणती नि खालची कोणती? म्हणून प्रथम इंजिन थंड असताना, बॅटरीची तार काढून, रॉकेल व ब्रशने ते स्वच्छ धुवावे आणि पूर्ण सुकू द्यावे. मग संशयित सांध्यांवर शंखजिऱ्याची पूड भुरभुरावी. गाडी दहा-पंधरा मिनिटे चालवून आणली की पांढऱ्या पुडीवर तेलाची पहिली रेघ स्पष्ट उमटते. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून त्यावर चाकांच्या जागा आखून ठेवाव्यात. गळणारे द्रव्य इंजिनाचेच तेल आहे ना, हेही तेथेच कळते: गियरचे तेल अधिक दाट असून त्याला गंधकाचा उग्र वास येतो, ब्रेकचे तेल पातळ असते व रंग खाते. पुठ्ठा कोरडा आणि तरी पट्टीवरची पातळी उतरते आहे, असे असल्यास सायलेन्सरच्या निळसर धुराकडे पाहावे. ते तेल गळत नाही, जळते आहे.

गळती केव्हा होते, हेही बोलके असते. दाबाखालच्या तेलाचा मार्ग, म्हणजे फिल्टर, दाबदर्शकाची नळी किंवा स्विच, फुटला असेल तर इंजिन चालू असतानाच तेल उडते, आणि भरपूर उडते. कारण तेथे दर चौरस इंचास चाळीस-पन्नास पौंडांचा दाब असतो. इंजिन बंद केले की ते थांबते. उलट, तळाच्या चेंबरचे पॅकिंग किंवा तेल काढण्याचा नट सैल असेल, तर उभ्या गाडीतूनही रात्रभर ठिबकत राहते.

एवढे करूनही पुष्कळदा एकच जागा सापडत नाही. चार सांधे एकदम पाझरताना दिसतात. येथे भिलाईच्या राहणीचा संबंध येतो. वसाहतीतली गाडी दिवसाकाठी दोन-चार किलोमीटर चालते: क्वार्टरपासून सिव्हिक सेंटरपर्यंत, फार तर सुपेल्याच्या बाजारापर्यंत. तेवढ्यात इंजिन पुरते तापत नाही. आत जमलेले पाणी वाफ होऊन जाण्याऐवजी तेलात मिसळते, आणि तेल ओतण्याच्या झाकणाखाली पिवळसर, लोण्यासारखा गाळ धरतो. हाच गाळ ब्रीदरच्या नळीत बसतो. पिस्टनच्या रिंगांवरून थोडा वायू नेहमीच खाली चेंबरमध्ये उतरत असतो. त्याने बाहेर पडावे म्हणूनच ही नळी असते. ती तुंबली की आत दाब वाढतो आणि धडधाकट सांध्यांतूनही तेल बाहेर ढकलले जाते. मे महिन्यातल्या ४४-४५ अंशांच्या उन्हाने पॅकिंगे आधीच आखडलेली असतात. अशी गाडी लग्नसराईत नागपूरला निघते. भिलाईच्या मराठी कुटुंबांचा हा जुनाच रस्ता. १९५६ पर्यंत दुर्ग जिल्ह्याची राजधानीही नागपूरच होती. अडीचशे किलोमीटर वेगाने धावताना तो दाब वाढतच जातो, आणि घरी थेंबभर गळणारी गाडी वाटेत पट्टीवरची खूण कोरडी पाडते.

परीक्षा सोपी आहे. इंजिन चालू ठेवून तेलाचे झाकण जपून काढावे. तेथून धुराचे झोत जोराने उसळले, तर सीले बदलण्याआधी ब्रीदर काढून रॉकेलने धुवावा. त्यानंतरही झोत तसेच राहिले, तर रिंगा झिजल्या आहेत. तेव्हा नवी सीले घालणे म्हणजे फुटक्या माठाला रंग देणे.

अँबॅसडरच्या १४८९ घन सेंटिमीटर इंजिनाविषयी एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. त्यात क्रँकच्या मागच्या टोकाला रबरी सील नाहीच. तेथे क्रँकवर मळसूत्रासारखे आटे कोरलेले असतात आणि क्रँक फिरताना ते तेलाला पुन्हा आत लोटतात. क्रँक थांबला की त्यांचे काम थांबते. त्यामुळे चढावर तोंड करून उभ्या केलेल्या गाडीतून मागे एखादा थेंब पडणे हे रचनेतच आहे, आणि तेवढ्यासाठी इंजिन उतरवून हाती काही लागत नाही.

पॅकिंग बदलताना जुने पॅकिंग खरवडून दोन्ही पृष्ठे कोरडी करावीत. पत्र्याच्या झाकणाचे नट शक्ती लावून आवळू नयेत. बूच चेपून बाहेर येते, पत्रा वाकतो आणि गळती पूर्वीपेक्षा वाढते. शंभरेक किलोमीटर चालल्यावर नट एकदा हलक्या हाताने पाहावेत, आणि त्या रात्री तोच पुठ्ठा पुन्हा गाडीखाली घालावा.