गोंदण हिरवं दिसतं, हिरवं नसतं

जुन्या टॅटूवर नवा टॅटू काढून घेणं म्हणजे भिंतीला रंगाचा दुसरा हात देणं, अशी समजूत सगळीकडे आहे आणि बहुतेक चुकीचे निर्णय तिच्यातूनच होतात. रायगडच्या किनाऱ्यावर, थळपासून रेवदंडा, मुरूड ते श्रीवर्धनपर्यंत, वयस्क बायकांच्या हातावर जुनं गोंदण असतं आणि तरुणांच्या मनगटावर जत्रेत मशीनने काढून घेतलेलं नाव किंवा बदाम. पुढे ते नाव नकोसं होतं, बदाम फिसकटतो, आणि त्यावर मोर किंवा होडी काढून घ्यावी असं वाटू लागतं. पण शाई कातडीच्या वर बसत नाही. वरच्या थराखाली, साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल, ती रुतलेली असते आणि नवी शाईही त्याच थरात जाऊन तिच्यात मिसळते. काळ्यावर पिवळा ओतला तर काळाच दिसतो. म्हणून जुनं झाकायचं तर नवं चित्र अधिक गडद हवं आणि जुन्याच्या दुप्पट-तिप्पट मोठं हवं. मनगटावरचं चार अक्षरी नाव झाकायला अर्धा हात काळा होतो तो यामुळे. लेझरने आधी फिकं करून घेण्याचा हेतू ही अडचण सैल करणं एवढाच आहे. पुसून टाकायला आठ-दहा किंवा त्याहून जास्त सिटिंग लागू शकतात. झाकण्यापुरतं फिकं करायला बऱ्याचदा दोन ते चार पुरतात. लेझर म्हणजे खोडरबर, असं मानून गेलेला माणूस पहिल्याच सिटिंगनंतर निराश होतो. जागा मोकळी करायला गेलेल्याला तेवढ्यातच फरक दिसू लागतो.

दुसरा गैरसमज रंगाचा आहे, आणि आपल्याकडे तो सगळ्यांत महत्त्वाचा. गोंदणाला आपण हिरवं म्हणतो. टॅटूचा हिरवा रंग लेझरला दाद देत नाही, हेही अनेकांनी ऐकलेलं असतं. दोन्ही जोडून निष्कर्ष निघतो की आपलं गोंदण काही फिकं होणार नाही. पण पारंपरिक गोंदणाचा मूळ रंग काजळीचा, म्हणजे कार्बनचा, काळा. कातडीखाली खोल गेलेल्या काळ्या कणांवरून परतणारा प्रकाश वरच्या थरांत विखुरतो आणि आपल्याला निळसर-हिरवा दिसतो. हातावरच्या शिरांमधलं रक्त लाल असूनही शिरा निळसर-हिरव्या दिसतात, तसंच काहीसं. हा फरक नुसता शब्दांचा नाही. खऱ्या हिरव्या शाईला ६९४ किंवा ७५५ नॅनोमीटरचा लेझर लागतो आणि तो सावळ्या कातडीला जपूनच वापरावा लागतो. काजळी मात्र जवळपास सगळ्याच तरंगलांबींचा प्रकाश शोषते. तिच्यासाठी १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर चालतो, आणि नेमक्या त्याच तरंगलांबीला कातडीतलं मेलॅनिन फार कमी शोषतं. ज्याला लक्ष्य करायचं त्यानेच प्रकाश शोषावा आणि आजूबाजूचं सुटावं, हे तत्त्व बोस्टनच्या रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी १९८३ मध्ये मांडलं. काळं गोंदण आणि सावळी कातडी ही जोडी या तत्त्वात चांगली बसते. शिवाय हाताने टोचलेल्या गोंदणात शाई थोडी असते, त्यामुळे स्टुडिओतल्या भरगच्च टॅटूपेक्षा ते सहसा लवकर फिकं होतं. लाल-पिवळ्या भरावाच्या आधुनिक टॅटूंना हे लागू नाही. पांढऱ्या किंवा गुलाबी शाईत टायटॅनियम किंवा लोहाची संयुगं असली तर ती लेझरने उलट काळवंडू शकते, म्हणून आधी छोट्याशा जागेवर चाचणी घ्यायलाच हवी.

यावर आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे, की लेझरमुळे कातडी भाजलेली, पांढरे डाग पडलेली माणसं आपण पाहतो. डाग पडतात, हे खरंच आहे. सावळ्या कातडीवर काळे किंवा पांढरे डाग हा या उपचाराचा खरा धोका आहे. मात्र त्याला बऱ्याचदा चुकीचं मशीन आणि घाई कारणीभूत असते. केस काढायचं आयपीएल मशीन मिलिसेकंदांच्या झोताने काम करतं. टॅटूचा कण फोडायला झोत नॅनोसेकंदांचा किंवा त्याहून छोटा हवा. झोत लांबला की कणातली उष्णता भोवतालच्या कातडीत पसरते आणि वण राहतो. पार्लरमध्ये ‘हे पण लेझरच’ म्हणून आयपीएल वापरलं तर दोष लेझरच्या तत्त्वाचा नाही. छातीवर, खांद्यावर जखमेचा वण फुगण्याची ज्यांची प्रवृत्ती आहे त्यांनी तर त्वचारोगतज्ज्ञाशी बोलल्याशिवाय या वाटेला जाऊच नये.

घाईचं म्हणाल, तर लेझर स्वतः शाई बाहेर काढत नाही. तो कण फोडतो, नेण्याचं काम शरीर करतं. शाई धरून ठेवतात त्या कातडीतल्या मॅक्रोफेज नावाच्या पेशी. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवर दाखवलं की या पेशी मेल्या की शाई सुटते आणि नव्या पेशी ती पुन्हा गिळतात. टॅटू वर्षानुवर्षं टिकतो तो असा. फुटलेल्या बारीक कणांचा काही भाग लसिकावाहिन्यांतून निघून जातो आणि त्याला आठवडे लागतात. म्हणून दोन सिटिंगमध्ये सहा ते आठ आठवडे ठेवतात. दर पंधरा दिवसांनी बोलावणारा वेळ वाचवत नाही, कातडी थकवतो. झोत पडताच जागा पांढरीफटक होते तेव्हा शाई गेली असं वाटतं. ती नुसती वाफेची आणि वायूची लकेर असते, पंधरा-वीस मिनिटांत विरते. मनगट आणि बोटांवरचा टॅटू दंडावरच्यापेक्षा सावकाश जातो. सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये निकाल स्पष्टपणे कमी मिळतो, असं २०१२ च्या इटलीतल्या अभ्यासात आढळलं आहे.

किनाऱ्यावरची आणखी एक समजूत थेट धोक्याची आहे. खारं पाणी जखम बरी करतं, असं समजून लेझरनंतर किंवा नव्या टॅटूनंतर लोक समुद्रात उतरतात. उबदार समुद्रात व्हिब्रिओ जातीचे जिवाणू असतात. अमेरिकेत टॅटू काढल्यावर पाचच दिवसांनी मेक्सिकोच्या आखातात पोहलेला, यकृताचा जुना आजार असलेला ३१ वर्षांचा पुरुष अशा संसर्गाने दगावल्याची नोंद २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. घरगुती इलाजांचंही तेच. बिब्बा, चुना किंवा ओल्या काजूबीचा चीक शाईपर्यंत पोचत नाही, कातडी मात्र जाळतो, आणि त्या वणावर पुढे नवी शाई नीट बसत नाही. उन्हाने रापलेल्या कातडीवर लेझर घेतला तर डागांची शक्यता वाढते. मांडव्याहून बोटीने मुंबईला उपचाराला जाणाऱ्याने येता-जाता ती जागा झाकलेली ठेवावी. समुद्रावर पोट असणाऱ्यांना १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी सोयीची आहे. जूनच्या सुरुवातीला एक सिटिंग आणि जुलैच्या मध्याला दुसरं घेतलं, तर होड्या पाण्यात जाईपर्यंत कातडी सहसा भरून येते. पावसात जागा कोरडी ठेवण्याची काळजी तेवढी घ्यावी लागते.

मग दोनदा खर्च कशाला, हा प्रश्न उरतो. जुनी रेघ बारीक आणि विटकी असेल, झाकणारं चित्र गडदच हवं असेल, तर लेझरची गरज नाही आणि प्रामाणिक टॅटू आर्टिस्ट ते सांगतो. पण शंका असेल तर क्रम उलटा करू नका. आधी झाकून घेतलं, ते फसलं आणि मग लेझरकडे गेलात, तर शाईचे दोन थर फोडावे लागतात आणि सिटिंग वाढतात. शेवटच्या सिटिंगनंतरही शाई काही महिने फिकी होतच राहते. त्यामुळे नव्या सुईआधी किमान दोन महिने, शक्यतो तीन, थांबा.