सामना संपल्यावरचा अर्धा तास

रावपुऱ्यात टॉवरपासून हाकेच्या अंतरावर एका दुकानात हिशेब लिहिणारा आमचा एक जुना विद्यार्थी गेल्या वर्षी सायंकाळच्या पत्रकारितेच्या वर्गात दाखल झाला. दिवसा नोकरी, सायंकाळी अभ्यास, रविवारी मैदान, असा त्याचा क्रम. खेळांचा वार्ताहर व्हावे ही इच्छा. वडिलांनी बजावले होते, "फी तुझी तू भर. वर्षाच्या आत एखाद्या पत्राने तुझा मजकूर छापला, तरच पुढचे बोलू."

खो-खोच्या एका सामन्याचा वृत्तांत मराठीत लिहून तो आमच्याकडे आला. "सर, भाषा तेवढी पाहून द्या." आम्ही पडलो मराठीचे एम. ए.! लाल शाई घेऊन रणांगण, विद्युल्लता, वायुवेग यांची मुक्तहस्ते पेरणी केली. पुढच्या आठवड्यात कागद परत आला. वर्गातील शिक्षकांनी समासात एवढेच विचारले होते : 'जिंकले कोण?' आमच्या अलंकारांच्या गर्दीत निकाल चौथ्या परिच्छेदात जाऊन पडला होता.

तेव्हापासून शिकवणी उलटी झाली. सामना संपल्यावर अर्ध्या तासात दोनशे शब्द. पहिल्याच वाक्यात कोणी कोणास किती गुणांनी हरविले. मग ज्याने सामना फिरविला त्याचे आकडे. 'चपळाईने खेळला' हे कोणासही लागू पडते. '२ मिनिटे ४० सेकंद संरक्षण' हे त्या एकट्याचेच असते. त्यासाठी खेळ पाहता पाहता वहीत खुणा कराव्या लागतात : गडी कितव्या मिनिटास बाद झाला, पाठलागात सापडला की सूर मारून टिपला. टाळ्या वाजविण्यास हात मोकळा राहत नाही.

हा काटेकोरपणा बडोद्यास परका नाही. हुतुतूचे नियम १९२३ साली येथील हिंदविजय जिमखान्याने छापले व त्याच वर्षी त्यांनुसार अखिल भारतीय स्पर्धा भरविली. पुढच्याच वर्षी खो-खोची नियमावलीही बडोद्यातूनच निघाली. करंदीकर-मुजुमदारांच्या मराठी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड येथेच सिद्ध झाले. डाव, गडी, पाळी हे शब्द आपल्या वाडवडिलांनी असे पक्के करून ठेवले आहेत. आम्ही मात्र त्यांना सोडून विद्युल्लतेच्या मागे लागलो होतो.

मग आम्ही त्यास सरावासाठी १९४७ चा रणजी करंडकाचा अंतिम सामना दिला. होळकर संघाच्या २०२ धावांना उत्तर देताना बडोद्याचे ३ गडी ९१ धावांत बाद झाले होते. तेथून विजय हजारे (२८८) व गुल महंमद (३१९) यांनी ५७७ धावांची भागीदारी केली. बडोदे एक डाव व ४०९ धावांनी जिंकले. आमच्या मनात हिमालयाची उपमा केव्हाच तयार होती. त्याने लिहिले : 'फलकावर ९१ असताना जमलेली जोडी ६६८ वर फुटली.' आम्ही लाल पेन्सिल खाली ठेवली.

माघात त्याची पहिली बातमी छापून आली. दोनशे शब्दांचे चाळीस झाले होते. वडिलांनी ती दोनदा वाचली आणि विचारले, "यात तुझे नाव कोठे आहे?"

"बातमीला नाव नसते, बाबा."

त्यांनी कात्रण चष्म्याच्या घरात ठेवले. पुढच्या सहामाहीची फी अजून त्यालाच भरावयाची आहे. येत्या रविवारी पोलो मैदानावर सामने आहेत. घड्याळ आम्ही धरणार आहोत.