गोडाने नव्हे, लोहाने

सकाळी साडेसात. थॅलेसेमियाच्या डे-केअरमध्ये उल्हासनगर-कल्याणहून मुलं येऊ लागतात. त्यातली सोळा वर्षांची एक आज उपाशीपोटी आलीय. रक्त लावण्याआधी तिची ग्लुकोज टॉलरन्स टेस्ट करायची आहे.

आठ. पहिला नमुना घेऊन 75 ग्रॅम ग्लुकोजचं पाणी दिलं. आई कळवळून म्हणते, "डॉक्टर, ही गोड खात नाही, घरात कुणाला शुगर नाही. मग हे कशाला?"

हा प्रश्न घाईत उडवून लावायचा नसतो. तिच्याजवळ बसून सांगते: हिला वरचेवर लागणाऱ्या रक्ताच्या एका पिशवीत 200 ते 250 मिलिग्रॅम लोह असतं. शरीरातून रोज जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम बाहेर पडतं. जास्तीचं काढून टाकायची शरीराची स्वतःची सोयच नाही. मग ते यकृतात, हृदयात, स्वादुपिंडात साठतं. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी त्याने मरतात, आणि यकृतही इन्सुलिनला दाद देईनासं होतं.

दहा. दुसरा नमुना. इंटर्न एचबीए1सीचा रिपोर्ट दाखवतो, 5.4. "मॅडम, नॉर्मल आहे." पण तिच्या अंगातल्या बहुतेक लाल पेशी रक्तदात्यांच्या, त्याही अलीकडेच आलेल्या. तीन महिन्यांची हिची साखर त्या काय सांगणार? या मुलांच्या बाबतीत त्या आकड्यावर विसंबू नये, हे मी प्रत्येक नव्या डॉक्टरला बजावते.

साडेदहापासून पिशव्या लागतात.

बारा. दोन तासांनंतरची साखर 172. 140 च्या वर, 200 च्या खाली. अजून मधुमेह नाही. साठलेलं लोह दाखवणारं फेरिटिन मात्र 3,800.

"लोह उतरवायच्या गोळ्या घेतेस?"

बराच वेळ गप्प. मग, "पोटात दुखतं. परीक्षेत सोडल्या होत्या."

रागवून काय होणार? रोज, जन्मभर, एकही दिवस न चुकता औषध घेणं मोठ्यांनाही जमत नाही. क्रिएटिनिन पाहून डोस नव्याने ठरवला, साठलेलं लोह मोजायला एमआरआय लिहून दिला. लोह उतरलं तर साखर सुधारू शकते, हे तिलाच सांगितलं, आईला नाही. आई विचारते, "भात बंद करू?" भाताचं नंतर बघू. आधी लोह उतरवणारी गोळी.

चार. शेवटची पिशवी संपली. सुई काढताना आई सांगते, आपल्या बहिणीला तिसरा महिना आहे. थॅलेसेमियाची तपासणी? नाही. बहीण आणि मेहुणे दोघेही वाहक असतील, तर बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता 25 टक्के. अजून वेळ हातात आहे. दोघांनाही उद्याच वाहक ओळखणाऱ्या एचबीए2 तपासणीसाठी पाठवायला सांगितलं, आणि तिने तिथूनच फोन लावला.